माहेरच्या वाटीतलं कुंकू

अंथुर्ण्याच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. शंभूराजबाबांसमोर पिवळ्या पाण्याच्या दोन वाट्या होत्या. एक सासरची, एक माहेरची. पुढ्यात पाच वर्षांची आसावरी. ती बोलत नसे, हाक मारली तरी बघत नसे. आत्ताही पूजेतली लिंबं तेवढी एका ओळीत लावत होती.

"दोष कुठल्या घरातून आला, ते पाणीच सांगंल!" बाबा गरजले आणि दोन पुड्यांतली विभूती दोन वाट्यांत सोडली. सासरची वाटी पिवळीच राहिली. माहेरची लालभडक झाली.

"माहेरचं रक्त बोललं! आईला अकरा अमावस्या माहेरी धाडा. पोरीवर तिची सावली नको!"

गर्दीनं हात जोडले. विनयानं लेकीला कवटाळलं. तिचा नवरा मानसिंग तिथंच तिची पिशवी भरू लागला.

सासू मुक्ताबाई मात्र वाटीकडंच बघत होती. सोमवार न चुकवणारी, नवरात्रात देवीसाठी घरीच कुंकू करणारी बाई ती. हा रंग तिच्या ओळखीचा होता.

"बाबा, ती माहेरची पुडी द्या बरं."

"आजी, हात भाजंल! सत्त्व हाय त्यात."

"कुंकू करताना कधी भाजला न्हाय."

पुडी ओढून तिनं उरलेली विभूती सासरच्या वाटीत टाकली. तीही लाल!

"आता सासरबी बोललं का? हळदीचं पाणी अन् पानाचा चुना, कुंकू ह्यानंच लाल व्हतं! अन् ह्या दुसऱ्या पुडीत तांदळाचं पीठ." मग ओळीतलं शेवटचं लिंबू हळूच घेऊन, फोडून तिनं त्याच वाटीत पिळलं. पाणी पुन्हा पिवळं. "एका लिंबात दोष गेला. अकरा अमावस्या वाचल्या!"

"बाबा, पान खाता जणू?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला. बाबांना एकाएकी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

मुक्ताबाई लेकाकडं वळली. "बारामतीच्या डॉक्टरीणबाई काय म्हणल्या? ही स्वमग्नता जन्मापासूनची. तिची जनुकं दोन्ही घरांतनं थोडी थोडी येत्यात, कधी नव्यानंच उपजत्यात. पाप कुणाचंच न्हाय. तुझे आबा, माझे मालक, आठव. जन्मभर एकाच ताटलीत जेवले. बँड वाजला की कान झाकून मळ्यात पळायचे. त्यांना कुठल्या माहेरी धाडायचं व्हतं?"

मानसिंगनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"सोमवारी माझा उपास हाय, अन् पोरीला बोलायला शिकवायच्या वर्गाला न्यायचंबी हाय. दोन्ही व्हतं. देवाला हात जोडा की! पण वाटीत सुनेचा गुन्हा हुडकू नका."

मानसिंगनं विनयाची पिशवी उचलली आणि आपल्याच घराची वाट धरली. विनया मात्र लेकीसाठी थांबली. पिळलेलं लिंबू आसावरी परत ओळीत ठेवत होती.