सिंगापूरहून कोल्हापूर, गुरुवारी आठच्या आत

मी रुंद तोंडाचा थर्मास बोलतोय. कोल्हापुरात शालूबाईंच्या फडताळात असतो, पण जन्म सिंगापूरचा. तिथं गोदीच्या कचेरीत त्यांचा भाऊ नृसिंह नोकरीला होता. १९७४ साली त्यानं मला विकत घेतलं आणि लगेच माझ्या पोटात बर्फ भरला. मधोमध कापसात गुंडाळलेली औषधाची एक कुपी ठेवली.

झालं होतं असं. सोमवारी रात्री आठच्या सुमारास शालूबाईंना पहिली मुलगी झाली. दोघी ठणठणीत होत्या, पण त्यांचं रक्त जुळत नव्हतं. आईला तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन द्यायला हवं, नाहीतर पुढचं मूल पोटातच दगावायची भीती, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते मुंबईतही मिळेना. मग शालूबाईंच्या सासऱ्यांनी नृसिंहाला तार केली.

मुदत गुरुवारी रात्री आठपर्यंत. गुरुवारी पहाटे आम्ही विमानात बसलो.

सिंगापूर ते मुंबई जवळजवळ चार हजार किलोमीटर. विमानानं ते साडेपाच तासांत कापलं, शिवाय इथलं घड्याळ दोन तास मागं, तेवढा वेळ वाचला. नृसिंहानं मला मांडीवरून हलवलं नाही. मुंबईला तपासणीवाल्यानं माझं झाकण काढलं आणि तसंच उघडं ठेवून शेजाऱ्याशी बोलत बसला. उष्ण वारा आत शिरत होता. नृसिंहानं हात जोडले, तेव्हा कुठं सुटका झाली.

पुढं कोल्हापूर, विमानाच्या अंतराचा जेमतेम दहावा हिस्सा. पण रस्त्यानं दहा-अकरा तास.

खंबाटकी घाटात ट्रक आडवा झाला होता. टॅक्सी अडकली. नृसिंह मला छातीशी धरून गाड्यांच्या रांगेतून पळत सुटला. माझ्या पोटात आता बर्फ कमी आणि पाणीच जास्त डुचमळत होतं. पलीकडच्या रांगेच्या शेवटी एक जीप उभी होती. हंबीरराव नावाचे गृहस्थ बायको आणि लेकीला घेऊन पुण्याला निघाले होते, मुलगी दाखवायला. नृसिंहानं धापा टाकत सगळं सांगितलं. तिकडं माणसं खोळंबतील, एवढं चांगलं स्थळ हातचं जाईल, असं बायको म्हणाली.

मागं नवं लुगडं नेसून बसलेली लेक म्हणाली, "आबा, गाडी वळवा की. ते आपल्याला उद्या बी बघतील. ह्यांस्नी उद्या न्हाय."

हंबीररावांनी गाडी वळवली. साताऱ्यात सोडावाल्याकडून बर्फ घेतला, तेवढेच थांबले. मग थेट कोल्हापूर.

दवाखान्यात पोचलो तेव्हा आठला थोडाच वेळ उरला होता. कुपी अजून गार आहे ना, हे डॉक्टरांनी गालाला लावून पाहिलं. मान डोलावली. सुई भरली. नृसिंह धावत बाहेर आला, तोवर जीप निघून गेली होती.

गुण आला की नाही, हे पुढच्या बाळंतपणाशिवाय कळणार नव्हतं. दोन वर्षांनी शालूबाईंना पुन्हा दिवस गेले. नऊ महिने त्यांनी घरात एक दुपटं शिवू दिलं नाही. मुलगा झाला, तेव्हा डॉक्टर त्याचं रक्त तपासून येईपर्यंत त्यांनी त्याला जवळही घेतलं नाही. भीती वाटायची. डॉक्टर आले आणि म्हणाले, "घ्या की आता."

आता माझी आतली काच तडकली आहे. माझ्यात काही गरम राहत नाही, काही गार राहत नाही. फक्त एक विचारायचं राहून गेलंय. जीपमधल्या बाई, तुझं नावसुद्धा आम्ही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याची ती माणसं थांबली होती का गं?