पहिली थाप हरलेल्याची

मित्रांनो, माझे पाय अजून लटपटतात. का लटपटू नयेत? ज्याला घरच्याच पोरांनी उताणा पाडून त्याच्यावर करवत चालवली, त्याने ताठ उभं तरी कसं राहायचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कोणाकडे? म्हणून तुम्हाला सांगतो.

मी टेबल टेनिसचं एक जुनं टेबल आहे. तुम्ही मला ‘ते टेबल’ म्हणता. मी मात्र स्वतःला ‘मी आलो, मी गेलो’ असंच म्हणतो. या वयात तेवढं चालवून घ्या.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. वर गर्द हिरवा रंग, कडेने पांढरी पट्टी, दोन्ही टोकांना दोन-दोन भक्कम पाय आणि ते पाय डगमगू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये खाली एक जाडजूड आडवी फळी. सुताराने माझ्या पाठीवर इथे-तिथे चेंडू टाकून पाहिला. तो सगळीकडे सारखाच उसळला, तेव्हा त्याने त्या आडव्या फळीवर बूट आपटला आणि म्हणाला, “हत्ती बसला तरी हलणार नाही!” हे माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक. त्या फळीचा मला तेव्हापासून फार अभिमान होता. हा अभिमान लक्षात ठेवा, पुढे तोच माझ्या नाकावर आपटला.

मला एका मोठ्या कचेरीने विकत घेतलं. आता आपल्यावर सामने रंगणार, असं वाटलं होतं. कसचं काय! चार दिवस साहेबलोकांनी हौस भागवली. मग माझ्यावर कागदांचे गठ्ठे आले, बंद पडलेला पंखा आला आणि एक दिवस कोणाच्या तरी वाढदिवसाचा अर्धा केक आला. केक! माझ्या पांढऱ्या पट्टीवर! मला असा धक्का बसला की मधल्या सांध्यातून करकर आवाज निघाला. त्यावर ते म्हणाले, “हे टेबल कुरकुरतंय, टाकून द्या.” दिलं टाकून, मागच्या भिंतीला टेकवून.

तिथून मला उचललं ते आमच्या मंडळाच्या पोरांनी. लॉण्ड्रीच्या मागे एक रिकामं गोदाम आहे. भिंतीपलीकडून दिवसभर इस्त्रीची वाफ आणि साबणाचा वास येतो. तिथे संध्याकाळी गल्लीतली मोठी होत चाललेली मुलं-मुली जमतात. मंडळ चालवते ताई. ती पेशाने नर्स आहे. रुग्णालयातून सुटली की त्याच कपड्यांत येऊन शटर वर करते. कोणाला गणित अडलं, कोणाला पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला जायचं, कोणाचं घरी भांडण झालं, की सगळे तिच्याकडे. तर ही मुलं मला डोक्यावर घेऊन भर रस्त्यातून निघाली, आणि तेही उलटा, पाय आभाळाकडे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गोदामात मला सुलटा केला, जाळी बांधली, आणि पहिल्याच संध्याकाळी इतके चेंडू उसळले की माझ्या पाठीची वर्षानुवर्षांची खाज भागली.

आता मंडळाची एक रीत सांगतो. ती दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. सामना संपला की टाळ्या वाजवायच्या नाहीत. सगळ्यांनी माझ्याभोवती उभं राहून माझ्या पाठीवर थापा मारायच्या. पण पहिली थाप द्यायची ती हरलेल्याने. त्याची थाप पडल्याशिवाय बाकी कोणी हात उचलायचा नाही. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी चक्रावलो. हरलेला, रडकुंडीला आलेला पोरगा जिंकणाऱ्यासाठी माझ्यावर हात आपटतो, हा काय प्रकार? पुढे ही रीत खेळापुरती राहिली नाही. गाण्याच्या पथकात एकीची निवड झाली, तेव्हा निवड न झालेल्या मैत्रिणीने येऊन पहिली थाप दिली होती.  मला ती थाप अजून आठवते.

या सगळ्यांत सर्वांत जोरकस थाप होती लवंगीची. खरं नाव वेगळं, पण अंगाने एवढीशी आणि जीभ तिखट, म्हणून लवंगी. तिचा कायमचा प्रतिस्पर्धी बांबू. उंच, किडकिडीत, वाऱ्याने हलेल असा. लवंगी हरली की संतापायची आणि तो सगळा संताप थापेत उतरायचा. जाळी सुटून पडायची. ताई ओरडायची, “अगं, टेबल आहे ते, दरवाजा नाही!” मी मनात म्हणायचो, मारू दे. असली थाप नशिबाने मिळते.

आणि मग ध्यानीमनी नसताना ती बातमी आली. लवंगी आतेभावाच्या स्कूटरवर मागे बसून येत असताना ट्रकचा धक्का लागला होता. दोघं वाचली, पण लवंगीचे पाय गेले. म्हणजे होते जागच्या जागी, पण उभं करत नव्हते. त्या संध्याकाळी कोणी खेळलं नाही. बांबू चेंडू हातात धरून माझ्या कडेला टेकून बसला होता. एरवीची अवखळ पोरं एकदम म्हातारी दिसत होती.

कित्येक महिने लवंगी आली नाही. मुलं पाळीपाळीने तिच्या घरी जायची. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. तिची आई शिवणकाम करते. मशीन थांबवून ती म्हणायची, “रागावू नका रे. तिला जरा वेळ द्या.” मुलं मान खाली घालून परत यायची. लवंगी पुन्हा मंडळात येणार की नाही, एवढा एकच प्रश्न त्या गोदामात होता. मोठ्याने मात्र तो कोणीच विचारत नव्हतं.

शेवटी ताईने ठरवलं, तिचा सत्कार करायचा. पोरगी मरणाच्या दारातून परत आली, तिचं कौतुक आपण नाही करायचं तर कोणी? मुलं झपाटल्यासारखी कामाला लागली. फुगे फुगवले, भिंतीवर तिचा मोठा फोटो लावला, फोटोखाली लिहिलं, ‘आम्हाला तुझा अभिमान आहे’. आणि माझं काय केलं? मला ढकलून भिंतीशी लावलं, जाळी काढली, अंगावर पांढरी चादर टाकली आणि वर खाऊच्या बशा मांडल्या! कचेरीतला तो केक मला आठवला. माझीच पोरं, आणि मला असं वागवतात? मी थक्क झालो. पण खरा धक्का अजून यायचा होता.

आई लवंगीला चाकांच्या खुर्चीतून घेऊन आली. पोरगी वाळली होती, केस कापले होते, डोळे मात्र तेच. ताईने भाषण केलं. धैर्य, जिद्द, सगळे मोठमोठे शब्द झाले. लवंगी ऐकत होती. मग ताई माझ्याजवळ आली आणि भरल्या डोळ्यांनी तिने चादरीवर थाप मारली. मागोमाग सगळ्यांनी मारल्या. बशा खणखणल्या.

“थांबा,” लवंगी म्हणाली.

हात जिथल्या तिथे थांबले.

“पहिली थाप कोणी दिली?”

“मी दिली, बाळा,” ताई म्हणाली.

“मग हरलं कोण?”

मित्रांनो, ताईने चादरीवरचा हात हळूच मागे घेतला.   ज्यांनी ही रीत पाळली, वाढवली, त्यांनाच ती नेमकी या दिवशी आठवली नव्हती. सामनाच झाला नव्हता. मग थापा कशाच्या? आणि कोणी हरलंच असेल, तर ते कोण, याचं उत्तर देण्याची कोणाची छाती होती?

“फोटो लावलाय, भाषणं झाली,” लवंगी म्हणाली, “आता दोन मिनिटं गप्प उभे राहा, म्हणजे सगळंच उरकेल. मी मेले नाहीये अजून!”

“लवंगे, तसं नाही गं...” बांबू पुटपुटला.

“तसंच आहे! मला खेळायला बोलावलं का कोणी? बॅट कुठंय माझी?”

कोणीतरी धावत बॅट आणली. बशा निघाल्या, चादर निघाली, मला पुन्हा मध्ये ओढलं. माझ्या जिवात जीव आला. ये, पोरी, ये, मी मनात म्हणालो. ती दोन्ही हातांनी चाकं फिरवत जोरात माझ्याकडे आली.

आणि खाडकन आपटली. खुर्चीची पाय ठेवायची पुढची पट्टी माझ्या आडव्या फळीवर आदळली. तीच, हत्तीलाही न हलणारी फळी! लवंगी माझ्यापासून हातभर लांब अडली. बांबूने चेंडू टाकला. ती पुढे वाकली, हात ताणला, चेंडू माझ्या कडेवरून घरंगळत खाली गेला. तिने मागे घेऊन पुन्हा खुर्ची आणली. पुन्हा खाडकन. पुन्हा चेंडू खाली.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. इतकी वर्षं मी ज्याचा तोरा मिरवला, त्यानेच माझ्या लाडक्या पोरीला अडवलं. सत्काराच्या दिवशी चुकलेल्यांत मीही होतो.

लवंगीने बॅट माझ्या पाठीवर ठेवली. आपटली नाही, हलकेच ठेवली. तेच जास्त लागलं. “आई, चल,” ती म्हणाली. “आणि ताई, परत नका बोलावू.”

ताई त्या रात्री फोटो उतरवताना रडली. दुसऱ्या दिवशी मात्र ती रुग्णालयातली एक जुनी चाकांची खुर्ची मागून घेऊन आली. “बसा एकेक,” तिने फर्मान सोडलं. “खेळून दाखवा मला.” बांबू बसला. खाडकन! दुसरी बसली. खाडकन! एकेकाच्या नडग्या सोलल्या, एकाचाही चेंडू परत गेला नाही. मग बांबू माझ्याखाली आडवा झाला आणि बराच वेळ माझे पाय न्याहाळत राहिला. मला ती नजर आवडली नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी तो करवत घेऊन आला.

 काही कळायच्या आत मला उताणा पाडलं. एवढ्यात एक मुलगी किंचाळली, कारण माझ्या पोटाखाली कित्येक वर्षांची चघळून चिकटवलेली च्युइंगम उघडी पडली होती. गुलाबी, हिरवी, काळी पडलेली. “शी! ही तर माझीच!” कोणीतरी म्हणालं. मी उघड्यावर, लाजेने अर्धमेला, आणि वर करवतीची करकर. माझी फळी कापली. पाय सोडवून आत, मधोमध सरकवले. लोखंडी पट्ट्या ठोकल्या. पोरं एकमेकांवर ओरडत होती, बोटांवर हातोडे मारून घेत होती. आपलं आता सरपण होणार, याची मला खात्रीच झाली होती. शेवटी मला सुलटा केला. बांबू खुर्चीत बसून पुढे आला. त्याचे गुडघे सरळ माझ्या पोटाखाली शिरले. कुठेच काही वाजलं नाही. मी डगमगलो, पण पडलो नाही.

लवंगीला आणायला कोणी विनवण्या केल्या नाहीत. बांबू तिच्या खिडकीखाली उभा राहिला आणि गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, “लवंगे, मी बसून खेळायला शिकलोय! आता तू बसून काय, उडत आलीस तरी हरशील!” वरून आधी पाण्याचा तांब्या उपडा झाला म्हणे. आणि मग संध्याकाळी ती आली.

बांबू भिजलेल्या शर्टात खुर्चीत बसला होता. “ऊठ त्यातून,” ती म्हणाली. “नाटकं नकोत. उभा राहून खेळ.” तो उठला. ती पुढे आली, सावकाश, आपटायच्या तयारीने डोळे बारीक करून. चाकं सरळ आत आली. तिने खाली वाकून पाहिलं. कापलेल्या फळीच्या खुणेवरून बोट फिरवलं. 

बांबूने पहिला चेंडू अलगद दिला. तिने तो हातातच पकडला. “हा मला दिलास की माझ्या आजीला?”

बांबू लाल झाला आणि मग खेळला. खरा खेळला. लवंगी एका बाजूला वळेपर्यंत चेंडू दुसऱ्या बाजूने जायचा. तिला घाम फुटला, दोनदा बॅट निसटली, तरी काही चेंडू तिने असे मारले की बांबू आ वासून बघत राहिला. पण ती हरली. सपशेल हरली.

बॅटी खाली ठेवल्या गेल्या. सगळे माझ्याभोवती जमले. कोणीही हात उचलला नाही. ताईचा हात वर आला होता, तो तिने खिशात कोंबला. लवंगीने चाकं मागे घेतली. एक हात लांब गेली. झालं, चालली, मला वाटलं. 

ती तिथून जोरात पुढे आली, पोटापर्यंत माझ्याखाली शिरली आणि दोन्ही हातांनी माझ्या पाठीवर अशी थाप हाणली की जाळी सुटून बांबूच्या पायांवर पडली. माझा एकेक खिळा हादरला. क्षणभर सगळे दचकले. आणि मग जे थापांचं वादळ उठलं, त्याने लॉण्ड्रीवाला काका इस्त्री हातात घेऊन धावत आला!

“उद्या पुन्हा,” लवंगी बांबूला म्हणाली. “आणि उद्या पहिली थाप तुझी.”

तर मित्रांनो, मी आता पूर्वीइतका भक्कम नाही. हत्ती बसला तर नक्की मोडेन. म्हणून मला सांभाळा, ओल्या बाटल्या माझ्यावर ठेवू नका आणि ती च्युइंगम, हात जोडतो, कचऱ्यात टाका. पण खरं मागणं याहून वेगळं आहे. कोणाच्या कौतुकासाठी हात उचलण्याआधी खाली वाकून एकदा पाहा, त्याचे गुडघे टेबलाखाली मावतात का. मावत नसतील, तर हार-तुरे राहू द्या, आधी करवत आणा. आमच्यासारख्यांना धक्का बसेल, पण आम्ही सोसू.