तारखा छापणाऱ्यांची पेटी

या, जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलं की डोळा लागतो, आणि आजची गोष्ट झोपेत ऐकायची नाही. गोष्ट आहे एका अतिशहाण्याची, आणि त्याला पुरून उरलेल्या एका बाईची.

लेबलांचा एक छापखाना होता. औषधाच्या बाटलीवर, बिस्किटांच्या पुड्यावर बारीक अक्षरांत मुदत लिहिलेली असते ना, ती तिथे छापत. अमुक तारखेनंतर वापरू नका, असं सगळ्या जगाला बजावणारं हे ठिकाण. आणि त्याच्याच दारामागे टांगलेल्या प्रथमोपचाराच्या पेटीत काय? मलमाची नळी दाबली की आधी पाणी, मग पिवळा खडा. चिकटपट्टी सगळ्याला चिकटे, कातडी सोडून. वरून कीर्तन, आतून तमाशा, दुसरं काय.

तिथे दोघी सख्ख्या बहिणी कामाला होत्या. थोरली मोजणीच्या टेबलावर, धाकटी कटिंग मशीनवर. मागच्या महिन्यात धाकटीचं बोट कापलं. पेटीतली पट्टी बांधली, ती दोनदा गळून पडली, जखम चिघळली, आणि नख गेलं ते गेलंच. आता ती पुन्हा त्याच पात्यापुढे उभी राहत होती. मशीनचं पातं खाली आलं की थोरलीची मोजणी चुके. ती सत्तेचाळीसवर असली तरी पुन्हा एकपासून सुरू करी.

शेवटी ती फोरमनकडे गेली. "साहेब, पेटीतलं सगळं जुनं झालंय."

"किती जुनं?"

"त्या चिकटपट्टीची मुदत संपली तेव्हा तुमच्या डोक्यावर केस होते."

फोरमनला केसांचं लागलं, पट्टीचं नाही. पण तपासणी तोंडावर आली होती. 'कागद चोख तर काम चोख' हा त्याचा गुरुमंत्र. तो मशीनपाशी गेला, चार वर्षं पुढची तारीख लावली आणि स्टिकरांचा एक ताव छापून काढला. मलमावर एक, कापसावर एक, जखमेवर ठेवायच्या जाळीवर एक, प्रत्येक पट्टीवर एक. कामाला एवढी निगुती त्यानं उभ्या जन्मात दाखवली नव्हती. तपासनीस आला, वाचून खूश झाला, सही करून गेला. फोरमन दिवसभर असा चालत होता, जणू मेलेल्या औषधात त्यानंच प्राण फुंकले.

थोरलीनं एका स्टिकरचा कोपरा नखानं उचलून पाहिला. खाली जुनी तारीख जशीच्या तशी. तिनं तो कोपरा पुन्हा दाबून बसवला. संध्याकाळी दुकानातून ताज्या पट्ट्या, जाळीचे घट्ट बंद तुकडे, नवं मलम असं सगळं आणलं आणि सकाळी पेटीत लावून ठेवलं.

दुपारी फोरमननं पेटी उघडली. नव्या मालावर दोन वर्षांची मुदत, त्याच्या स्टिकरांवर चार. "हे तर आधी संपणार," तो म्हणाला, आणि नवं सगळं उचलून रद्दी कागदाच्या टोपलीत टाकलं. मग पेटीला कुलूप घातलं. "पुन्हा पेटीला हात लावलास तर बाई, दार तिकडे आहे." किल्ली त्यानं कमरेच्या पट्ट्याला अडकवली.

देवानं अक्कल वाटली तेव्हा काही माणसं रांगेत नंबर कितवा ते छापत बसली असावीत.

थोरलीनं टोपलीतून ते बंद पुडे उचलले, पुसले, एका स्वच्छ डब्यात भरले आणि डबा पिशवीत ठेवला.

पंधरा दिवसांनी पातं बदलायचं होतं. धाकटी हातमोजे चढवत होती. "एवढा वेळ? बघ, असं धरतात," म्हणत फोरमननं उघड्या हातानं पातं उचललं. ते निसटलं आणि अंगठ्याच्या बुडाशी चांगलं खोल शिरलं.

धाकटीनं त्याच्या पट्ट्याची किल्ली ओढली, कुलूप काढलं आणि ती पेटीतला जाळीचा तुकडा घेऊन धावली.

"ते नको," फोरमन म्हणाला.

"का साहेब? अजून चार वर्षं आहेत की."

"नको म्हणतो ना. ते जुनं आहे."

कुणीतरी मशीन बंद केलं. चोराच्या मनात चांदणं, आणि आता ते सगळ्यांच्या अंगणात पडलं होतं. कागदासाठी चार वर्षं चालत होती. स्वतःच्या अंगठ्यासाठी चार मिनिटंही चालेनात.

थोरलीनं डबा उघडला, ताजा तुकडा फोडून जखमेवर ठेवला. "दुसऱ्या हातानं दाबून धरा. हात वर करा. अजून वर. देवाला जोडताना करता, तेवढा तरी."

"हे कुठून आणलंस?"

"तुम्ही टाकलंत तिथून." ती पट्टी आवळत म्हणाली. "टाके पडतील, दवाखान्यात जा. धाकटे, पेटीची किल्ली आता माझ्याकडे दे."

फोरमनचा एक हात वर, दुसरा त्यावर. नाही म्हणायला तोंड तेवढं मोकळं होतं. तेही त्यानं मिटलं.

टाके निघाल्यावर थोरलीनं त्याला मोजणीच्या टेबलापाशी बसवलं आणि एकेक स्टिकर त्याच्याच नखानं सोलायला लावला. सोलून झालेला जुना माल फेकला आणि पेटीत नवा भरला. आता झाकणाच्या आत तिच्या अक्षरातला कागद आहे. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी ती नामावळी म्हणावी तशा सगळ्या मुदती मोठ्यानं वाचते, धाकटी खुणा करते. संपत आलेलं आधीच बदललं जातं. आणि मशीनचं पातं खाली आलं तरी थोरलीची मोजणी शंभरापर्यंत सरळ जाते.

फोरमनचं विचाराल, तर परवाच तो तपासनिसाला सांगत होता, "आमच्याकडे मी स्वतः लक्ष घालतो." अशा माणसाला देव अंगठा परत देतो, लाज देईलच असं नाही.

तुमच्याही कामाच्या जागी भिंतीवर अशी एक पेटी असेल. उद्या गेल्यावर ती उघडा, तारखा वाचा, आणि वाचताना त्या थोरलीची आठवण काढा. फोरमनची नको. त्याची तो स्वतःच पुरेशी काढतो.