बोलणारा कीबोर्ड

"काकू, हा घ्या. कापसावर बोट टेकल्यासारखं वाटेल. घरात कुणाची झोपसुद्धा मोडणार नाही." दुकानदाराने एक चकचकीत कीबोर्ड आईपुढे सरकवला.

आईने त्यावर दोन ओळी टाइप केल्या आणि तो परत केला. "हा मुका आहे हो. मला बोलणारा द्या. पण बोटांना लागणारा नको."

"म्हणजे हलकाही हवा आणि आवाजही हवा?"

"हो. आणि तुमचं ते गाणं जरा बंद करा, मला ऐकू येत नाहीये."

एवढ्या अटी तिने माझ्यासाठी स्थळं बघतानाही घातल्या नव्हत्या. मी निमूटपणे स्टुलावर बसले.

आवाजाचं कारण दुकानात सांगण्यासारखं नव्हतं. बाबांना हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. मला ते 'बाई' म्हणतात, दादाला 'साहेब'. आईच्या हातून मुकाट्याने औषध घेतात, पण ही कोण, ते त्यांना सांगता येत नाही. मात्र ती बाहेरच्या खोलीत कुणाचा तरी प्रबंध टाइप करायला बसली, की आतल्या खुर्चीत बाबा मान वर करायचे आणि म्हणायचे, "ती आली वाटतं." दिवसभरात आईच्या वाट्याला येणारी ओळख तेवढीच. मग तिचे सांधे सुजले. जुन्या कीबोर्डने तशीही मान टाकली होती, म्हणून दादाने मोठ्या कौतुकाने बिनआवाजाचा आणून दिला. तेव्हापासून बाबा रोज दारापर्यंत येऊन विचारतात, "ती आज आली नाही का?" आई समोरच बसलेली असते.

बाबांचा टायपिंगचा क्लास होता. लांबट खोली, दोन्ही भिंतींना लागून टाइपरायटरची रांग. शिकवताना ते मुलांकडे पाठ करून उभे राहायचे आणि न वळता सांगायचे, "कोपऱ्यातलं मशीन, घाई नको." त्या सगळ्या खडखडाटातून त्यांना एकेकाचा हात वेगळा ऐकू यायचा. आई तिथे खिडकीजवळच्या मशीनवर शिकायला आली आणि शिकून झाल्यावरही येत राहिली. वेग वाढवायचाय, असं घरी सांगायची. वेग कसला वाढतोय, हे आजोबांच्या फार उशिरा लक्षात आलं. मी ते दिवस पाहिले नाहीत, पण मला त्या खोलीचा हेवा वाटतो. मी पाहिला तो थकलेला क्लास. संगणक आले, मुलं कमी झाली, आणि शेवटची मशीनं टेम्पोत चढली त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. आई तेव्हा त्यांच्याशेजारी नुसती बसून राहिली होती.

"हा बघा, दिव्यांचा. सात रंग बदलतो," दुकानदार म्हणाला.

"अहो, मला टाइप करायचंय, रोषणाई नाही."

तो हसला, पण कंटाळला नाही, हे त्याचं मोठेपण. शेवटी खालच्या फळीवरून त्याने एक काळा, वायरवाला कीबोर्ड काढला आणि फडक्याने पुसला. आईने त्याचे मागचे पाय उघडले, मनगटं टेकवली, डोळे मिटले. कळा मधोमध किंचित खोलगट होत्या, बोट आपसूक बसत होतं. जरा दाबलं की टक् व्हायचं आणि कळ आपणहून वर यायची. आईने कान खाली नेऊन अख्खा अर्ज टाइप केला, 'महोदय'पासून 'आपली विश्वासू'पर्यंत.

"हाच द्या."

"काकू, हा अगदीच साधा आहे हो."

"आम्हीही," आई म्हणाली.

घरी आल्यावर तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. कीबोर्ड जोडला, प्रबंधाची पानं उघडली आणि बसली. खोलीभर टकटक सुरू झाली. इतक्या दिवसांनी घराला आवाज आला आणि मला एकदम बरं वाटलं. आत बाबांनी मान वर केली. बराच वेळ ऐकलं.

"बाई, ही नवीन मुलगी कोण?" त्यांनी मला विचारलं. "हात चांगला आहे. पण ही ती नाही. ती आज आली नाही का?"

बाहेरची टकटक थांबली.

मी बाहेर गेले. आई आपल्या डाव्या हाताकडे बघत होती. सुजलेली करंगळी तिने वर उचलून धरली होती. तिला विश्रांती द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून तिचं काम शेजारचं बोट करत होतं. खरं तर ती करंगळी पहिल्यापासूनच कच्ची. तिचा ठोका नेहमी मागे पडायचा, आणि त्यावरून बाबांनी आईला क्लासातही टोकलं होतं, लग्नानंतरही.

आईने करंगळी हळूच खाली आणली आणि कळेवर ठेवली.

"आई, दुखेल ना."

"दुखू दे."

ती पुन्हा टाइप करू लागली. करंगळीची पाळी आली की तिचे ओठ घट्ट मिटायचे, ठोका रेंगाळायचा, मग पुढची बोटं धावायची. मला तिच्याकडे बघवेना. आत खुर्ची सरकली. बाबा भिंत धरत दारात आले, वळले आणि आमच्याकडे पाठ करून ताठ उभे राहिले.

"खिडकीजवळचं मशीन," ते म्हणाले, "करंगळी मागे पडतेय."

"हो सर," आई म्हणाली, आणि टाइप करत राहिली.