मांगरातली फटफटी

मित्रांनो, मी एक जुना मांगर आहे. शहरातली मुलं विचारतील, मांगर म्हणजे काय? घरामागे चार भिंती उभ्या करायच्या, वर कौलांचे नळे घालायचे आणि जे घरात नको पण टाकवतही नाही ते सगळं आत ढकलायचं, त्याला आमच्या सिंधुदुर्गात मांगर म्हणतात. मी वालावलला असतो. समोर पोफळी, मागे विहीर, आणि थोडं खाली उतरलं की खाडीचं पाणी.

जन्मापासूनच काही मी अडगळीचा नव्हतो. गणपत नावाच्या एका हौशी शेतकऱ्याने जांभे चिरे आणून मला बांधलं, तेव्हा माझ्यात बैलांची जोडी राहायची. एका कोपऱ्यात गवत, दुसऱ्यात नांगर, आणि पावसाळ्यात बैलांच्या अंगाची ती उबदार वाफ. येणारा जाणारा म्हणे, गणपताचा मांगर म्हणजे दुसरं घरच. मला तेव्हा जरा गर्वही होता. मग पॉवर टिलर आला, बैल गेले आणि मी रिकामा झालो. रिकामी जागा कोकणात फार दिवस रिकामी राहत नाही.

माझा ताबा घेतला गणपताच्या सुनेने, हौसाबाईने. तिचा नवरा मुंबईला नोकरीत होता आणि इथलं घर, शेत, म्हातारी माणसं सगळं तिने एकटीने ओढलं. अडीनडीला शेजाऱ्याच्या दारात उभं राहायला तिला आवडत नसे. म्हणून ती काहीच टाकायची नाही. दांडी मोडलेली छत्री, बूड गेलेली घागर, एका पायाचा गमबूट, आंब्याच्या रिकाम्या पेट्या, मुलगा मंगेश ज्यात वाढला तो पाळणा. जे येईल ते माझ्या पोटात. कोणी काही विचारलं तर तिचं एकच उत्तर असे, "लागतलां कधीतरी." पुढे नवरा राहिला नाही, मंगेश काजूच्या कारखान्यात कामाला लागला, कशाची चणचण उरली नाही; पण सवय राहिली. मी इतका भरलो की उंदरांनाही आत यायला अंग चोरावं लागे.

अशात मंगेशचं लग्न झालं आणि फोंडाघाटची संचिता सून होऊन आली. तिच्या वडिलांना सगळे भाई म्हणत, तीही भाईच म्हणे. भाईंचं घाटरस्त्याला गॅरेज होतं. संचिता त्याच गॅरेजात पाने-स्क्रूड्रायव्हर हाताळत मोठी झाली होती. कुडाळला कॉम्प्युटर क्लासात शिकवायची, पण नखांच्या कडेला ग्रीस असल्याशिवाय तिला सण साजरा झाल्यासारखा वाटत नसे.

एके दिवशी फोंडाघाटहून टेम्पो आला. त्यातून भाईंची हत्यारं उतरली आणि मागोमाग एक जुनी, गंजलेली फटफटी. संचिताने सासूला विचारलं, मांगरात जागा मिळेल का, मला तिथे ही फटफटी दुरुस्त करायची आहे, फावल्या वेळची हौस म्हणून. हौसाबाई म्हणाली, घे की, जागा दिसेल तिथे ठेव. आणि जागा कुठेच दिसत नव्हती, हे त्या दोघींना आणि मला, तिघांनाही ठाऊक होतं.

रविवारी संचिता पदर खोचून आत शिरली. पुढच्या दाराने ती एकेक वस्तू अंगणातल्या खळ्यात नेऊन ठेवू लागली. आता माझं एक दार मागेही आहे, विहिरीकडे. हौसाबाई खळ्यातली तीच वस्तू उचलून, घराला वळसा घालून, मागच्या दाराने परत आत आणू लागली. सून पुढून काढतेय, सासू मागून भरतेय. तो एका पायाचा गमबूट त्या दिवशी जेवढा चालला तेवढा पायात असतानाही चालला नसेल. दुपारी संचिता घाम पुसत आत उभी राहिली, चारी बाजूंना बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की आपण काढायला सुरुवात केली तेव्हापेक्षा सामान वाढलंय.

मग तिने भंगारवाल्याला बोलावलं. हौसाबाई त्याच्याशी बोलायला फाटकापर्यंत गेली, बराच वेळ बोलली, आणि त्याला काही विकायचं सोडून त्याच्याच गाडीवरची एक पितळी किटली घेऊन परत आली. किटलीला तोटी नव्हती. किटली माझ्यात आली.

त्या दिवसापासून सासू-सुनेचं बोलणं बंद झालं. जे काही बोलायचं ते मंगेशमार्फत. तो बिचारा कारखान्यातून दमून येई, पायावर पाणी घेई आणि दोन्ही बाजू ऐकून घेई. मग म्हणे, "दोघींचांय बरोबर आसा," आणि कोणी पुढचं विचारायच्या आत जेवायला बसे. फटफटी खळ्यात ताडपत्रीखाली उभी होती. हत्यारांवर खारी हवा बसू लागली. त्यात हौसाबाईची कोंबडी नेमकी खुडूक झाली आणि टेम्पोतून आलेल्या भाईंच्या हेल्मेटात अंड्यांवर जाऊन बसली. खुडूक कोंबडीला उठवायचं नाही हा घरचा नियम. ते हेल्मेट उंबऱ्याच्या आत ठेवलेलं, त्यामुळे माझं पुढचं दारही अर्धं बंद.

मलाही वाटायचं, ही मुलगी एवढी हट्टाला का पेटलीय? हौस म्हणावी तर हौस अशी डोळ्यांत पाणी आणत नाही. ते एका संध्याकाळी कळलं.

संचिता फोन घेऊन माझ्यात आली आणि पेट्यांच्या आडोशाला बसली. पलीकडे भाई होते. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी गॅरेज बंद केलं होतं. बायको आधीच गेलेली. आता ते दिवसभर बंद शटरच्या पायरीवर बसत. घाट चढणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकून कुठल्याचं काय बिघडलंय ते ओळखत, पण कोणी विचारायला थांबत नसे. लेकीने कितीदा बोलावलं, तर म्हणत, मुलीच्या सासरी जाऊन राहायचं कुठल्या तोंडाने? म्हणून संचिताने फटफटी आणि हत्यारं मागवून घेतली होती. हत्यारं आली की मागोमाग माणूस येईल, असा तिचा हिशोब. मंगेशलाही तिने हे सांगितलं नव्हतं, कारण मंगेशच्या पोटात काजूगरसुद्धा लपत नाही.

नेमक्या त्याच वेळी मागच्या दाराशी हौसाबाई आली. खळ्यातच राहून गेलेला पाळणा तिने डोक्यावर घेतला होता. आतला आवाज ऐकून ती थबकली.

"जेवलंस काय? परत पेजच?" संचिता विचारत होती. मग पलीकडचं ऐकून म्हणाली, "होय रे भाई, सगळां नीट लावलां. आईनी सोता मांगर रिकामो करून दिल्यानी. माका म्हणाले, तुझ्या बापाशीची हत्यारां पावसात नको. तू एकदा येवन बघून जा."

फोन बंद करून ती त्या पसाऱ्यात तशीच बसून राहिली, तोंडावर ओढणी घेऊन.

मित्रांनो, मी खूप वर्षं हौसाबाईला पाहतोय. तिला कोणी टोचून बोललं तर ती दुपटीने परत करते. पण न केलेल्या चांगुलपणाबद्दल कोणी तिचं कौतुक करावं आणि ते तिने चोरून ऐकावं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ती पाळणा डोक्यावर घेऊन उभी राहिली, आणि मग आली तशीच, पाय न वाजवता परत फिरली. पाळण्यासकट. माझ्या दारातून एखादी वस्तू आत न येता परत गेली, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संचिता कुडाळला गेली आणि हौसाबाईने स्वतः मला रिकामं करायला घेतलं. टाकलं काही नाही, अर्थात. पेट्या माळ्यावर गेल्या, घागरी विहिरीकडे, छत्र्या देवघरामागे, आणि पाळणा मंगेशच्या खाटेखाली. शेजारची जानकी हळद मागायला आली होती, तिने तो पाळणा आत जाताना पाहिला. संध्याकाळी संचिता एसटीतून उतरली तर तीन घरांतल्या बायकांनी तिला जपून चालायला सांगितलं आणि जानकी डिंकाचे लाडू घेऊन आली. मंगेशला ही बातमी कारखान्यात आधीच कळली होती. तो घरी येऊन बायकोकडे आणि आईकडे आळीपाळीने बघत राहिला, कारण या वेळी नक्की कोणाचं बरोबर म्हणायचं ते त्याला समजेना.

सगळा उलगडा होऊन हसणं थांबल्यावर हौसाबाईने सुनेकडून फोन मागितला आणि फोंडाघाटला लावायला सांगितला.

"भाईनु, मी हौसाबाय बोलतंय," ती म्हणाली. "तुमचां सामान हंय येवन पडलांहा. खंय काय ठेवचां ता माका कळणा नाय. तुमी येवन लावन देवा. नायतर मी माझ्या हिशोबान लावतलंय, मगे माका बोल लावू नकात."

कुठल्याही मेकॅनिकला याहून मोठी धमकी देता येणार नाही. भाई दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीने आले. सोबत एक जड गोणपाट होतं. हौसाबाईने विचारलं, यात काय आहे? भाईंनी ते उघडून दाखवलं. झिजलेल्या चेन, फुटलेले आरसे, वाकडी चाकं, नाव सांगता येणार नाही असले लोखंडाचे तुकडे.

"लागतलां कधीतरी," भाई म्हणाले.

संचिताने कपाळावर हात मारला. हौसाबाई मात्र व्याह्याकडे अशी बघत राहिली, जणू परमुलुखात कोणी आपली भाषा बोललं.

मग माझे दिवस फिरले. माझ्या भिंतींना चुना लागला, आत दिवा आला. पाने कसे लावायचे यावरून दोघांचं रोज वाजे. हौसाबाईने ते पळ्या-झाऱ्यांसारखे खिळ्यांना टांगले; भाई आधी कुरकुरले, मग त्यांना हवा तो पाना बघितल्याबरोबर मिळू लागला आणि ते गप्प झाले. नट-बोल्ट लोणच्याच्या बरण्यांत गेले. एकदा मंगेशने जेवताना चुकीची बरणी उघडली, पण त्याने तक्रार केली नाही. कोंबडीची पिल्लं बाहेर येईपर्यंत भाई हातोडीला फडकं गुंडाळून ठोकत. संध्याकाळी संचिता कामावरून आली की बाप-लेक इंजिनावर वाकून बसत आणि एकमेकांच्या चुका काढत. गावातले लोकही आपापल्या गाड्या घेऊन दाराशी येऊ लागले. भाई आत बसल्या जागेवरून, नुसत्या आवाजावरून दोष सांगत. आणि आता विचारणारं कोणीतरी होतं. पेज सुटली, बांगड्याच्या कढीवर भात दोनदा घेतला जाऊ लागला.

पण भाई मानी माणूस. आल्या दिवशीच त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "फटफटी सुरू झाली की मी जातलंय." आणि फटफटी तर सुधारत चाललेली. टाकीला लाल रंग लागला, चाकं फिरू लागली, दिवा पेटला. जसजशी ती चमकू लागली तसतशी संचिता गप्प होत गेली. मुद्दाम सावकाश काम करायचं तर समोर बाप बसलेला. त्याला कामचुकारपणा लगेच कळतो.

शेवटी सगळं जुळलं. आता किक मारायची. मंगेशने त्या दिवशी सुट्टी घेतली, जानकी आली. भाईंनी इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग बसवायला हात पुढे केला, तर प्लग जागेवर नाही. बरण्या धुंडाळल्या, गोणपाट उपसलं, पिल्लांच्या खालीसुद्धा बघितलं. मी बघितलं होतं प्लग कुठे गेला ते. हौसाबाईच्या पदराच्या गाठीत. पण मी पडलो मांगर.

संचिताने सासूकडे बघितलं. हौसाबाई माझे नळे निरखत होती.

"माका काय म्हायत?" ती म्हणाली. "माझ्याकडलां कधी काय हरावणा नाय."

हे अगदी खरं होतं. सगळे जेवायला गेले. भाई मागे राहिले. त्यांनी बाकाखालून बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा ओढला आणि उघडला. मित्रांनो, तो प्लगांनी भरलेला होता. ज्याने जन्मात काही टाकलं नाही त्याच्याकडे एक प्लग नसेल? त्यांनी एक उचलला, फडक्याने पुसला, दिव्यापुढे धरून बघितला. चांगला होता. मग ते बराच वेळ दारातून घराकडे बघत राहिले. आत ताटं मांडल्याचा आवाज येत होता आणि हौसाबाई कोणाला तरी ओरडून सांगत होती की भाईंच्या पाटासमोर पाण्याचा तांब्या ठेवा.

भाईंनी प्लग डब्यात टाकला, झाकण दाबलं आणि डबा गोणपाटाच्याही मागे सरकवला. मग पाना घेतला आणि आदल्या दिवशी बसवलेला कार्बोरेटर परत खोलायला बसले.

संचिता बोलवायला आली. तिने सुटे झालेले भाग बघितले.

"मोठां काम निघालां गो," भाई मान न वळवता म्हणाले. "आता हलूचां नाय लवकर."

ती शेजारी बसली आणि दिवा जरा जवळ धरला.

तर मुलांनो, तुमच्या घरामागेही माझ्यासारखा कोणी असेल, धुळीने खोकत असेल. त्याच्यात सामान ठेवू नका असं मी म्हणणार नाही, हौसाबाई ऐकेल. ठेवा, पण एखाद्या माणसाला बसून हात काळे करता येतील एवढी जागा त्यात राहू द्या. आम्हाला माणसाचा आवाज लागतो, मग आमच्या भिंती पुष्कळ टिकतात.

आणि कधी वालावलला आलात तर माझ्या दारातली लाल फटफटी जरूर बघा. ती अजून सुरू का होत नाही, असं मात्र कोणाला विचारू नका.