राखेच्या पाण्याचा साबण

पोशीरच्या आमच्या अंगणात काहील चढली त्या सकाळी मी इतक्या खुशीत होतो, की लेंग्यावर ठिणगी पडून भोक पडलं तरी मला कळलं नाही. साल बासष्ट असावं. साबणाची कृती मी कर्जतच्या वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकातून वहीत उतरवून आणली होती. पुस्तकातलं एक पान फाटून गेलं होतं. ते कुठे गेलं, हे विचारायचा मला धीर झाला नव्हता.

माझी थोरली बहीण पारू माथेरानला एका हॉटेलात चादरी धुवायची. सीझनभर तिला वरच राहावं लागे आणि तिची चार वर्षांची जना माझ्याकडे असे. दोन दिवसांची सुट्टी देताना मॅनेजर तिला म्हणाला होता, सोमवारी साबणाची घट्ट वडी आणून दाखव. पसंत पडली तर घरीच साबण करून दे, धुण्याला मी दुसरी बाई बघतो. नाही जमलं, तर सोमवारपासून पुन्हा कामावर राहायला ये.

खाटकाकडची बकऱ्याची चरबी आम्ही कढवून गाळली होती. तळाला भोक पाडलेल्या मडक्यात राख भरून, तिच्यातून पाणी झिरपवून घेतलं होतं. त्या पाण्यात अंडं तरंगलं तेव्हा पारू टाळ्या पिटत हसली. मग दोन्ही एकत्र शिजवायला घेतलं.

दुपार झाली तरी काहिलीत नुसती तपकिरी खळ. दगडावर थेंब टाकला की पसरायचा.

"कमळ्या, वहीत बघ ना रं," पारू म्हणाली. मी वही पुन्हा पुन्हा चाळली. रविवार होता. चरबी संपली होती.

शेजारच्या भागूकाकी मूठभर खडेमीठ घेऊन आल्या. त्यांच्या मते काहिलीला नजर लागली होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्याकडे दृष्ट काढणं बंद होतं.

"काकी, आपून ते सोडलं ना?" पारू म्हणाली.

"तुमी सोडलं. लोकांच्या डोळ्यांनी सोडलं काय?"

त्यांनी मूठ काहिलीवरून ओवाळली. मीठ चुलीत टाकायचं होतं, पण वाफेने त्यांचे डोळे चुरचुरले आणि मूठ काहिलीतच सुटली. सगळं नासलं, असं म्हणून मी खाली बसणार, तेवढ्यात मीठ पडलं होतं तिथे पांढरे कण दिसले. दूध फाटावं तशी खळ फाटत होती.

"काकी, आणखी टाका," मी म्हणालो.

"नजर लय जबर हाय गं," काकी पारूला म्हणाल्या आणि घरातून मिठाची बरणीच घेऊन आल्या. मूठ मूठ मीठ पडत गेलं. साबण वर जमला, गढूळ पाणी खाली राहिलं. आम्ही तो झाऱ्याने उचलून, ओलं फडकं घातलेल्या खोक्यात दाबला. त्या फाटक्या पानावर मिठाचंच लिहिलं असेल, असं मी पारूला सांगितलं. खरंच असेल का, कोण जाणे.

सकाळी सुरी लावली तर वडी सरळ कापली गेली. पारूने ती फडक्यात गुंडाळली आणि नेरळच्या वाटेने झपझप निघाली.

त्या सोमवारी ती वर गेली आणि दिवस मावळायच्या आत खाली आली. हॉटेलातली तिची वळकटी डोक्यावर होती.