निवडून टाकलेलं बी

बटणांच्या कारखान्यात त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. एरवी ते सगळ्यांचे गाळणीबुवा. पट्ट्यावरून बटणं सरकत यायची आणि त्यातलं रंगाला जरा उतरलेलं, कडेला टवका उडालेलं बटण हा माणूस गप्पा मारता मारता अचूक उचलायचा आणि टोपलीत फेकायचा. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. डब्यातले शेंगदाणेसुद्धा निवडल्याशिवाय त्यांच्या तोंडात जात नसत. बायको म्हणायची, "आणि मला निवडलंत तेव्हा डोळे कुठं गेले होते?"

त्या बाईची हौस एकच. घरामागच्या मोकळ्या जागेत काकडीचा वेल लावायचा. लग्न नवं होतं तेव्हापासून ती सांगत होती आणि हे "बघू पुढं" म्हणत होते. बघू पुढं करता करता दोघांचे केस पिकले. मग तिच्या जिभेवर एक फोड आला, काही केल्या बरा होईना, आणि डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगून टाकलं. आधी दीड महिना औषध, मग ऑपरेशन. जीभ काढावी लागेल. पुढं बोलणं नाही, चावून खाणं नाही. पोटात जाईल ते नळीतून.

 घरी आल्यावर दारात चपला काढताना ती म्हणाली, "मला आपल्या दारची काकडी खायची आहे. तेवढं करा."

गाळणीबुवांनी त्याच संध्याकाळी बाजारातून काकड्या आणल्या, सोलून पातळ चकत्या केल्या. तिनं ताटली बाजूला सरकवली. "अहो, ही तर कुणीही आणून देईल."

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या ते बियांच्या दुकानात हजर. दुकानातल्या बाईनं संकरित वाणाचं पाकीट काढून दिलं. "याच्यापेक्षा लवकर दुसरं काही येत नाही, काका. सव्वा महिन्यात तोडायला येईल." बाई आणखी काहीतरी सांगत होती, पण यांना कुठला धीर! पाकीट खिशात घालून ते पायरी उतरलेसुद्धा.

घरी येऊन त्यांनी तिच्यासमोर कागदावर बी पसरलं. सगळं पांढरं, आणि त्यात चार बिया गुलाबी.

"बघितलंस? एवढं नावाजलेलं वाण आणि त्यातही भेसळ!"

"असू द्या हो. लावून टाका सगळ्याच."

"माझ्या हातून? शक्य नाही." चारही गुलाबी बिया मोरीत गेल्या. कितीतरी दिवसांनी आपल्याला नेमकं जमणारं काम मिळालं, असं त्यांना वाटलं.

हंगाम अजून लागायचा होता. हवेत गारठा होता. गाळणीबुवा संध्याकाळ झाली की रोपांवर गोणपाट घालत आणि उन्हं आली की काढत. वेल दोरीवर चढला, फुललाही. मेहुणी बायकोच्या औषधाच्या दिवशी सोबतीला येई. एकदा तिनं कमरेवर हात ठेवून वेल बघितला. "भावजी, आमच्याकडं आधी नुसती फुकटची फुलं येतात. तुमच्या तर एकेका फुलामागं काकडी!"

खरोखरच होती. बोटाच्या पेराएवढी, काटेरी, हिरवीगार. बायकोला मागं आणून खुर्चीवर बसवलं. तोंड दुखत असूनही ती हसली. त्या दिवशी गाळणीबुवा फार सुखात होते.

मग त्या पिवळ्या पडायला लागल्या. टोकापासून सुकायच्या, हात लावला की गळायच्या. त्यांनी खत घातलं, पाणी वाढवलं, पाणी तोडलं. एकही वाढली नाही. शेवटी ऑपरेशनला चार दिवस राहिले, तेव्हा सुकलेल्या काकड्या रुमालात बांधून ते दुकानात गेले.

बाईनं रुमालात बघितलं. "गुलाबी बी कुठं लावलंत?"

"ते? ते मी निवडून टाकलं."

बाईनं रुमाल मिटला. "काका, या वेलाला सगळी मादी फुलंच येतात, म्हणून तर तो लवकर धरतो. नर फुलं त्या गुलाबी बियांच्या वेलाला, आणि ती नसली की काकडी भरत नाही, गळते. म्हणून तर रंग लावतात, ओळखू यावं म्हणून."

"दुसऱ्या कुणाच्या वेलाचं नर फूल आणलं तर?"

"आणा की. पण आत्ता फुललंय कुणाकडं? बाकीच्यांचे वेल दोन पानांवर आहेत."

तरी ते गल्लीतल्या प्रत्येक कुंपणावरून डोकावून आले. दोनच पानं. सगळीकडं दोनच पानं.

तिच्यापासून लपवणं त्यांना जमलं नाही. त्यांनी गुलाबी बियांचं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि शब्द जुळवत जुळवत म्हणाली, "मी म्हटलं होतं, लावा सगळ्याच." एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

दवाखान्यात जायच्या सकाळी ती आपणहून मागच्या दारी गेली. वेलाची एक पिवळी, सुरकुतलेली काकडी तोडली आणि दातांत धरली. गाळणीबुवांनी थुंकायला ओंजळ पुढं केली. ती थुंकली नाही. डोळ्यांत पाणी येईतो चावत राहिली आणि गिळली.

"कशी आहे?"

"बाजारातली बरी होती," ती म्हणाली.

महिन्याभरानं ती घरी परत आली तेव्हा गल्लीतले सगळे वेल फुलले होते. मधमाश्या इकडून तिकडं फिरल्या आणि मागच्या वेलाला काकड्या धरल्या. इतक्या, की पानं दिसेनात. तिच्या खाटेवरून, खिडकीतून, सरळ समोर दिसायच्या. तिनं खुणेनं पडदा ओढायला लावला.

गाळणीबुवा रोज टोपली भरून आणत आणि ओट्यावर बसून निवडत. सरळ इकडं, वाकड्या तिकडं. हात आपोआप चालायचे.

एकदा मेहुणी दारात उभी राहून बघत होती. "भावजी, कुणासाठी निवडताय?"

त्यांचा हात थांबला. आत खाट करकरली. तिनंही ऐकलं होतं. मग त्यांनी सरळ काकड्यांत वाकड्या मिसळल्या, टोपली मेहुणीच्या हातात दिली आणि नळीची वेळ झाली म्हणून हात धुवायला गेले.